निरोगी लहान मुलांच्या फुफ्फुसांची चाचणी: कोल्हापूरच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात लहान मुलांच्या फुफ्फुसांच्या चाचण्या घेते. दवाखान्यात येणारी बहुतेक मुलं खोकल्यानं नाहीतर बाळदम्यानं बेजार झालेली असतात. पण बालवाडीतल्या आणि पहिली-दुसरीतल्या धडधाकट मुलांचीही मोजणी आम्ही करतो. त्यासाठी परवानगी मागायला गेलं की आई, वडील आणि बहुतेक वेळा आजी जे प्रश्न विचारतात, ते इथं उत्तरांसह लिहिले आहेत.

आमच्या पोराला काही झालेलं नाही. मग मोजायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो रास्त आहे. समजा, ११० सेंटीमीटर उंचीच्या एका मुलीनं ९०० मिलिलीटर हवा फुंकली. हे चांगलं की कमी? त्याच उंचीच्या निरोगी मुली किती फुंकतात हे ठाऊक असल्याशिवाय कुठलाही डॉक्टर याचं उत्तर देऊ शकत नाही. आजारी मुलाचा आकडा ज्या पट्टीवर वाचायचा, ती पट्टी निरोगी मुलांच्याच मोजणीतून तयार होते.

ही मोजणी जुनी आहे. लंडनच्या डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली आपलं स्पायरोमीटर, म्हणजे फुंकलेली हवा मोजायचं यंत्र, जगापुढं मांडलं. त्यांनी दोन हजारांहून जास्त लोकांना त्यात फुंकायला लावलं होतं. त्यांत खलाशी होते, पोलीस होते आणि कोल्हापूरकरांना ऐकून बरं वाटेल, पैलवानही होते. छातीचा घेर किंवा वजन यांच्यापेक्षा उंचीवरून हवेचा अंदाज चांगला बांधता येतो, हे त्यांना दिसलं. आजही पट्टीचा पहिला आधार उंचीच आहे.

ही पट्टी आखायला जगभर वापरली जाणारी समीकरणं २०१२ साली ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटानं काढली. २६ देशांतल्या ७४,००० हून जास्त निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या लोकांच्या नोंदींवर ती उभी आहेत आणि ३ ते ९५ वर्षांपर्यंत चालतात. एवढ्या मोठ्या कामात भारतीय उपखंडासाठी वेगळा गट मात्र नव्हता. पुढं २०२२ च्या आवृत्तीत वंशानुसार गट पाडणंच बंद झालं आणि सगळ्यांसाठी एक पट्टी आली. ती आपल्या मुलांना कितपत बसते हे बघायला आपलीच मुलं मोजावी लागणार. त्यात उचगावची असतील, शाहूपुरीची असतील, पन्हाळ्याच्या पायथ्याची असतील. म्हणून मी तुमच्या दारात येते.

दुसरं कारण तुमच्या मुलापुरतं आहे. फुफ्फुसं साधारण विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहतात आणि त्यानंतर त्यांची ताकद हळूहळू उतरते. लहानपणी बरोबरीच्या मुलांत ज्याची जागा खाली असते, त्याची बऱ्याचदा पुढंही खालीच राहते. निरोगी असताना घेतलेला आकडा हाताशी असेल, तर कधी आजारपण आलं तर तुलना त्याच्या स्वतःच्याच आकड्याशी करता येते.

नेमकं काय मोजता?

मूल छाती भरून श्वास घेतं आणि जोरात सोडतं. एकूण किती हवा बाहेर आली हा एक आकडा. पहिल्या सेकंदात किती आली हा दुसरा. तिसरा म्हणजे या दोघांचं प्रमाण. पाच वर्षांच्या, ११० सेंटीमीटरच्या मुलाची एकूण हवा एक लीटरच्या आसपास भरते, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लीटरच्या दोन पिशव्या. शांत बसून घेतलेला एक श्वास मात्र घरातल्या चहाच्या कपाएवढाच असतो.

एका गोष्टीची मोठ्यांच्या डॉक्टरांनाही कधी कधी आठवण करून द्यावी लागते. लहान मुलांच्या श्वासनळ्या त्यांच्या फुफ्फुसांच्या मानानं ऐसपैस असतात, त्यामुळं हवा झटकन बाहेर येते. चार वर्षांचं मूल एका सेकंदाच्या आतच रिकामं होतं. तिथं 'पहिल्या सेकंदातली हवा' या मापाला अर्थच उरत नाही, म्हणून अर्ध्या किंवा पाऊण सेकंदातली हवा बघतात. मोठ्यांमध्ये प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं की नळ्या आवळल्या असं बरेच जण धरतात. लहान मुलांत निरोगी प्रमाणच ९० टक्क्यांच्या आसपास असतं. ७० ची वाट बघत बसलं तर आवळलेल्या नळ्यांचं मूलही ठणठणीत म्हणून घरी जाईल.

कितव्या वर्षापासून जमतं?

फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, पाच-सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना जमते. शिकवणारा धीराचा असला तर तीन-चार वर्षांची कितीतरी मुलंही करतात. त्याहून लहान असेल तर ऑसिलोमेट्री, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे. तान्ह्या बाळांची मोजणी काही मोठ्या केंद्रांत झोपेचं औषध देऊन करतात. निरोगी बाळाला त्यातून नेण्याच्या मी विरोधात आहे.

चाचणी होते कशी? पोरगं रडणार तर नाही?

सुई नाही, रक्त नाही, एक्स-रे नाही. मूल खुर्चीत ताठ बसतं. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट देतो, कारण अधांतरी पायांनी जोर लागत नाही. नाकाला मऊ चिमटा लावतो. तोंडात पुठ्ठ्याची नाहीतर प्लास्टिकची नळी. मग मी म्हणते, "मोठ्ठा श्वास आत, आत, आत… आणि फुऽऽऽ! अजून, अजून, अजून!" माझा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो, त्याला इलाज नाही. सांगणाऱ्यानं जीव ओतला नाही तर मूलही ओतत नाही.

गेल्या पावसाळ्यात बालवाडीतली एक मुलगी आली होती. पहिल्यांदा तिनं नळी पिपाणीसारखी धरली आणि गाल फुगवले. दुसऱ्यांदा उसाचा रस प्यावा तशी आत ओढली. तिसऱ्यांदा जीभच नळीत घातली. पडद्यावरची रेघ जागची हलेना. मग मी तिच्या आजीला पुढं बोलावलं. आजीनं हातांची फुंकणी केली आणि चूल पेटवतात तशी लांब, दमदार फुंकर मारून दाखवली. नातीनं डोळे मोठे करून बघितलं आणि पुढच्याच खेपेला रेघ सुळकन वर जाऊन अलगद खाली आली. "मी सगळं फुंकलो की!" म्हणाली. खरंच सगळं फुंकलं होतं.

त्या दिवसापासून मी फुंकणीचं उदाहरण सोडलेलं नाही. वाढदिवसाच्या मेणबत्तीनं जोर शिकवता येतो, पण ती फुंकर आखूड पडते. लांब फुंकरीसाठी भिरभिरं बरं, ते थांबू न देता फिरवत ठेवायला सांगायचं. चाचणीला दोन्ही लागतं, सुरुवातीचा दणका आणि शेवटपर्यंतचा नेट.

किमान तीन फुंकरी नीट आल्या पाहिजेत आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत १०० मिलिलीटर किंवा १० टक्के यांपैकी जे जास्त असेल तेवढा फरक चालतो. मूल दमलं, कंटाळलं की आम्ही थांबतो. न जमलेली चाचणी म्हणजे नापास मूल नव्हे. त्या दिवशी माझं शिकवणं कमी पडलं एवढाच त्याचा अर्थ.

फुंकायला जमतच नसेल तर?

तर ऑसिलोमेट्री, माझी आवडती चाचणी. यात मुलानं नेहमीसारखा श्वास घ्यायचा, बास. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती आणि आईनं मागून दोन्ही हातांनी गाल धरायचे. गाल थरथरले तर लहरी तिथंच जिरतात आणि आकडा चुकतो. यंत्र नळीतून हवेच्या बारीक लहरी आत सोडतं. मुलाला ओठांवर गुदगुल्या होतात, बरीच जण खुदकन हसतात आणि मग परत पहिल्यापासून. लहान मुलांत एक मोजणी साधारण १६ सेकंदांची असते आणि अशा किमान तीन घेतात.

सेकंदाला ५ कंपनांच्या सावकाश लहरी पार बारीक नळ्यांपर्यंत पोचतात. २० कंपनांच्या लहरी मोठ्या नळ्यांच्या पुढं फारशा जात नाहीत. दोन्हींना झालेल्या अडथळ्यातला फरक बघितला की बारीक नळ्यांचा अंदाज येतो. सगळ्या चाचण्यांत मुलाकडून सर्वांत कमी मागणारी ही चाचणी आहे, पण यंत्र महाग असल्यानं सगळीकडं मिळत नाही.

कोरोनात आणलेलं तीन चेंडूंचं यंत्र घरात आहे. तेच वापरलं तर?

ते श्वास आत ओढायच्या व्यायामासाठी आहे, मोजमापासाठी नाही. तीन चेंडू वर गेले म्हणून फुफ्फुसं चांगली आणि एकच गेला म्हणून वाईट, असं काही नसतं.

मग बोटाला लावायचं ऑक्सिमीटर?

ते रक्तातला ऑक्सिजन दाखवतं. फुफ्फुसांत इतकी शिल्लक असते की नळ्या बऱ्यापैकी आवळल्या तरी बोटावर ९८ दिसू शकतं. तापात, धापेत त्याचा उपयोग आहेच. फुफ्फुसांची वाढ त्यावर कळत नाही.

आणि पीक फ्लो मीटर?

फुंकरीचा सर्वांत जोराचा क्षण ते मोजतं. दम्याच्या, सहा-सात वर्षांपुढच्या मुलाला घरी रोज बघायला ठीक आहे. निरोगी मुलासाठी विकत घेऊ नका. मूल त्या दिवशी किती मनापासून फुंकतं त्यावर आकडा फार हलतो आणि घरातली माणसं विनाकारण घाबरतात.

उंचीसाठी एवढा आग्रह का? शाळेच्या वहीत लिहिलेली आहे की.

यात माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मोजणी होती. उंचीची पट्टी भिंतीवर आधीच रंगवलेली होती, म्हणून मी आमचा उंचीमापक गाडीतून उतरवलाच नाही. दुपारपर्यंत वर्गातल्या एकूण एक मुलांचे आकडे अपेक्षेपेक्षा खाली येऊ लागले. दोन पालकांना मी "परत एकदा बघायला हवं" असं सांगूनही बसले. त्यांचे चेहरे अजून आठवतात. संध्याकाळी लक्षात आलं, पट्टी रंगवल्यानंतर वर्गात जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली होती. जमीन चार सेंटीमीटर वर आली होती आणि प्रत्येक मूल चार सेंटीमीटर उंच झालं होतं! उंची जास्त लिहिली की अपेक्षित हवाही जास्त धरली जाते आणि खरा आकडा कमी दिसतो. या वयात चार सेंटीमीटरच्या चुकीनं हिशेब सात-आठ टक्क्यांनी फिरतो. दुसऱ्या दिवशी सगळी उंची परत घेतली आणि त्या दोन्ही घरी स्वतः जाऊन सांगितलं.

तेव्हापासून बूट-मोजे काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर सरळ ठेवून उंची मीच घेते. मुलींचा उंच बांधलेला शेंडा किंवा हेअरबँडही काढायला लावते. जन्मतारीखही पूर्ण हवी, 'पाच चालू' एवढ्यावर भागत नाही. पाठीला बाक असेल किंवा ताठ उभं राहता येत नसेल, तर दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी घेतो.

यंत्राचीही रोज परीक्षा असते. सकाळी तीन लीटरची मोठी पिचकारी लावून हवा ढकलायची आणि यंत्रानं तीन लीटरच दाखवलं पाहिजे. जरा जास्त फरक आला तर त्या दिवशी मुलांना बसवायचं नाही.

आकडा 'नॉर्मलच्या खाली' आला. म्हणजे आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. हे नीट समजून घ्या. निरोगी मुलांचे आकडे लावून खालची जी रेषा ठरवतात, ती अशी की १०० निरोगी मुलांतली ५ तिच्या खाली पडतात. रेषेची व्याख्याच तशी आहे. ४० निरोगी मुलांचा वर्ग मोजला, तर सरासरी दोघं त्या रेषेखाली दिसणारच आणि त्यांना काहीही झालेलं नसेल. म्हणून एका आकड्यावरून औषध सुरू होत नाही. आधी फुंकर नीट होती का ते बघायचं. मग काही आठवड्यांनी परत मोजायचं. खोकला, घरघर, रात्री झोपमोड, जन्माच्या वेळचं वजन, वेळेआधी जन्म हे सगळं विचारायचं. दोन-तीनदा खालीच आलं किंवा सोबत लक्षणं असली, तर बालरोगतज्ज्ञांकडं.

रिपोर्टवर 'अपेक्षित आकड्याच्या ८४ टक्के' असं छापलेलं असतं. त्याला परीक्षेचे मार्क समजू नका. शेजारच्या मुलाला ११० आले म्हणून तो पहिला आला असं होत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर टाकूच नका.

चाचणीला कधी आणू नये?

सर्दी-खोकला-ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. पोटभर जेवून लगेच नको. कमरेला घट्ट इलॅस्टिक नको. जोतिबाची यात्रा, गणपतीची मिरवणूक यांत गुलालात न्हालेलं मूल दुसऱ्या दिवशी आणू नका, चार-आठ दिवस जाऊ द्यात. डोळ्याचं, छातीचं, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दम्याचा पंप, म्हणजे तोंडानं ओढायचं औषध, चालू असेल तर तो कधी घ्यायचा आणि कधी थांबवायचा हे डॉक्टर सांगतील, मनानं बंद करू नका.

एकाच नळीतून सगळी मुलं फुंकतात का?

नाही. प्रत्येकाला नवी नळी आणि जंतू अडवणारा नवा फिल्टर. तुमच्यासमोर पाकीट फोडलं नाही तर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

तालमीत घातलं, प्राणायाम केला, फुगे फुगवले तर आकडा वाढेल का?

हा कोल्हापूरचा खास प्रश्न. जोर-बैठका, धावणं, पोहणं यांनी स्नायू आणि हृदय बळकट होतं, दम टिकतो, मूल तरतरीत राहतं. पोराला खेळू द्या, तालमीत पाठवा. पण स्पायरोमेट्रीचा आकडा मुख्यतः उंची, वय, मुलगा की मुलगी आणि जन्मापासूनची वाढ यांवर ठरतो. व्यायामानं तो फारसा हलत नाही. फुग्यांनी फुफ्फुसं मोठी होत नाहीत. वाढती फुफ्फुसं बिघडू न देणं मात्र आपल्या हातात आहे.

कोल्हापूरची हवा तर चांगली आहे ना?

मुंबई-दिल्लीशी तुलना करून आपण खूश होतो. पण २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली जी शहरं आली, त्यांत कोल्हापूरही आहे. वाहनं आहेत, फाउंड्र्या आहेत, दिवाळीनंतर पेटलेले उसाचे फड आणि पाचट आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडाबरोबर प्लास्टिक किंवा टायर जळत असेल तर त्याचा काळा धूर वेगळाच. गुळाचा वास आपल्याला प्रिय आहे, मलाही आहे, पण मूल कडेवर घेऊन चुलवाणाजवळ उभं राहू नका.

हवेचा परिणाम मुलांवर होतो, हे मोजून दाखवलेलं आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात १२ गावांतल्या मुलांची फुफ्फुसं १० ते १८ या वयात वर्षानुवर्षं मोजली. २००४ साली निकाल आला तेव्हा, सर्वांत जास्त प्रदूषित गावांत १८ व्या वर्षी फुफ्फुसांची ताकद कमी असलेल्यांचं प्रमाण स्वच्छ गावांच्या जवळजवळ पाचपट निघालं. २०१५ साली त्याच भागातून दुसरी बातमी आली. हवा सुधारल्यावर नंतरच्या मुलांची फुफ्फुसं जास्त चांगली वाढली. दर वर्षी शांतपणे निरोगी मुलं मोजली म्हणूनच हे कळलं.

आजी मिश्री भाजते. त्यानं काय होतंय?

होतं. तव्यावर तंबाखू भाजताना जो ठसका लागतो, तोच धूर मांडीवरचं नातवंड ओढतं. त्याचा श्वास तुमच्यापेक्षा जलद असतो, म्हणून वजनाच्या मानानं त्याच्या छातीत जास्त जातो. मिश्री सुटली तर उत्तमच. ती सुटेपर्यंत निदान घरात, पोरांजवळ भाजू नका. बिडी-सिगारेट, मच्छर कॉइल आणि बंद खोलीतली धूपकांडी यांनाही हेच लागू. मी आज्यांशी भांडत नाही. नातवाची फुंकर पडद्यावर दाखवते आणि त्यांच्याच हातात रिपोर्ट देते.

चाचणी चांगली आली म्हणजे बाळदमा नाही ना?

तसं म्हणता येत नाही. दम्याच्या नळ्या आवळतात आणि सुटतातही. बऱ्या दिवशी आकडा अगदी चांगला येऊ शकतो. रात्री-पहाटे खोकला, खेळताना धाप, दर थंडीत छाती भरणं असं असेल तर रिपोर्ट चांगला असला तरी डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावतात आणि आकडा किती वाढला ते बघतात.

आणि काही वेळा कुठल्याच चाचणीची वाट बघायची नसते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, दूध-पाणी घेता येत नसेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, उचला आणि दवाखाना गाठा.

रिपोर्टचं पुढं काय करायचं?

लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच फायलीत ठेवा. त्यावर उंची, तारीख आणि फुंकरीची रेघ छापलेली आहे का बघा. नुसता आकडा असेल तर रेघेसकट मागून घ्या, कारण फुंकर नीट होती की नाही ते रेघच सांगते. कागद उष्णतेनं छपाई होणारा, थर्मल असेल तर झेरॉक्स काढा, वर्षभरात अक्षरं उडून जातात. पुढच्या वर्षी येताना फाईल घेऊन या आणि बूट काढायला सोपे घालून या.